हातावरचे फूल

दागिना मोडता येतो, वस्त्र बदलता येते, केसांत माळलेले फूल सायंकाळपर्यंत आपोआप कोमेजते. गोंदणाची गोष्ट निराळी आहे. एकदा कातडीत उतरलेली आकृती माणसाची जन्मभर सोबत करते. मरणानंतर बरोबर येणारा दागिना तो एवढाच, अशी समजूत भारताच्या अनेक प्रांतांतील स्त्रियांत पिढ्यानपिढ्या चालत आली, ती याच अनुभवातून. गेल्या काही दशकांत ही जुनी रीत ‘टॅटू’ हे नवे नाव घेऊन शहरांत परतली आहे, आणि कोपरापासून मनगटापर्यंतच्या हातावर एखादे फूल असावे ही इच्छा आज अनेक तरुण-तरुणींच्या मनात असते.

इच्छा साधी आहे. परंतु कोणते फूल, केवढे, कोणत्या बाजूस आणि कोणत्या रंगात, हे प्रश्न पुढे आले म्हणजे त्यांचे उत्तर बहुधा एखादे चित्र पाहून दिले जाते. कागदावर जे शोभते ते हातावरही शोभेल, असे गृहीत धरले जाते. वस्तुतः कागद आणि कातडी यांत मोठे अंतर आहे. कागद सपाट, पांढरा व निश्चल असतो. कातडी गोलाकार, रंगाची आणि जिवंत असते. ती ताणते, पिळते, उन्हाने रापते आणि वयाबरोबर सैल होते. म्हणून हातावरचे फूल निवडावयाचे ते कातडीच्या स्वभावाला धरून, हे या विषयातील मुख्य सूत्र होय. आणि गंमत अशी की, हे सूत्र ज्यांना पूर्णपणे अवगत होते त्या गोंदणाऱ्या बायकांना चित्रकलेचे शिक्षण कधीच मिळालेले नव्हते.

पूर्वीच्या काळी निवडीचा प्रश्न फारसा उद्भवत नसे. मुलगी वयात येण्यापूर्वी किंवा लग्नाच्या सुमारास गोंदणारीण दारी येई, घरातील वडीलधाऱ्या बायका मुलीचा हात धरून ठेवीत आणि त्या कुळात, त्या जमातीत जी आकृती चालत आली असेल ती तिच्या हातावर उमटे. महाराष्ट्रात कपाळावर व हनुवटीवर ठिपका आणि हातावर तुळस किंवा वृंदावन, हा प्रकार सर्वपरिचित होता. कच्छमधील रबारी स्त्रियांच्या हातांवर ठिपक्याठिपक्यांची दाट नक्षी असे. तिला तिकडे ‘त्राजवां’ म्हणतात. तमिळ प्रदेशात ठिपक्यांभोवती वळसे घेत जाणारी कोलम, म्हणजे आपल्या रांगोळीची बहीण, हातावर गोंदीत. मध्य प्रदेशातील मंडला-दिंडोरी भागातील बैगा स्त्रियांचे गोंदण तर कपाळापासून पायांपर्यंत पसरलेले असते. व्हेरियर एल्विन यांनी १९३९ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द बैगा’ या ग्रंथात त्याची सविस्तर नोंद आहे. उत्तरेकडे काही ठिकाणी गोंदण नसलेल्या सुनेच्या हातचे पाणी सासरी घेत नसत. याचा अर्थ उघड आहे. हातावरचे फूल ही मुलीची हौस नव्हती, तो तिच्यावर उमटविलेला समाजाचा शिक्का होता. पुढे शिक्षण घेऊन शहरात आलेल्या अनेकींनी तो बाहीखाली झाकला, यात नवल नाही.

परंतु या रिवाजातील सक्ती बाजूला ठेवून केवळ रेखाटनाकडे पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. कच्छ असो, मिथिला असो की कोकण असो, या साऱ्या आकृती ठिपके, लहान रेघा, वर्तुळे आणि त्रिकोण यांतूनच बांधलेल्या आहेत. फूल म्हणजे मध्ये एक ठिपका आणि त्याभोवती सहा किंवा आठ ठिपके. वेल म्हणजे एक रेघ आणि तिच्या दोन्ही अंगांना आळीपाळीने पाने. चार-सहा सुयांची जुडी, दिव्याची काजळी आणि एखाद्या पाल्याचा रस एवढ्या साहित्यावर याहून अधिक काही काढणे कठीणच होते. पण साधनांच्या या मर्यादेने एक उपकार केला. जी आकृती ४० वर्षांनंतरही ओळखू येईल, तेवढीच आकृती हातावर काढली गेली. आजीच्या सुरकुतलेल्या हातावरची तुळस अजून तुळसच दिसते, याचे कारण हेच.

ही मर्यादा १८९१ साली संपली. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायली यांनी विजेवर चालणाऱ्या गोंदणयंत्राचे एकस्व मिळविले. एडिसनच्या विजेच्या लेखणीवरून ते सुचले होते. आज या यंत्राच्या वंशजांनी केसासारखी बारीक रेघ आणि छायाचित्रासारखी छटा काढता येते. थोडक्यात, यंत्राला आता कोणतेही फूल काढता येते. कातडीला मात्र कोणतेही फूल सांभाळता येत नाही. पूर्वी सुई जे ठरवीत असे ते आता निवडणाऱ्याने ठरवावयाचे आहे; आणि त्यासाठी कातडीत नेमके काय घडते हे जाणून घेणे अगत्याचे ठरते.

मानवी त्वचेचे ढोबळमानाने दोन थर मानता येतील. वरचा थर सतत झिजत आणि नवा होत असतो. चार-पाच आठवड्यांत तो बहुतांशी पालटतो. मेंदी रंगते ती या थराच्या मृत पेशींवर, म्हणूनच ती दोन-तीन आठवड्यांत उतरते. गोंदणाची सुई सुमारे १ ते २ मिलिमीटर खोल जाऊन रंग खालच्या, टिकाऊ थरात सोडते. शरीराला हा रंग परका वाटतो व त्याला गिळून टाकण्यासाठी भक्षक पेशी धावून येतात. परंतु रंगाचे कण त्यांना पचविता येत नाहीत. कण पोटात घेऊन त्या जागीच बसून राहतात. अशी पेशी मेली म्हणजे काय होते, याचा उलगडा मार्सेय येथील संशोधकांनी २०१८ साली उंदरांवरील प्रयोगांतून केला. मेलेल्या पेशीने सोडलेले कण तिच्या जागी आलेली नवी पेशी पुन्हा गिळते. म्हणजे गोंदण हे दगडावरच्या शिलालेखासारखे अचल नसते; पहारेकरी बदलत राहतात आणि ठेव पुढच्याच्या हाती दिली जाते.

या देवघेवीत काही कण थोडे इकडे-तिकडे सरकतात. परिणामी प्रत्येक रेघ वर्षागणिक किंचित जाड होते व तिच्या कडा मऊ पडतात. ही गोष्ट चुकविता येत नाही. तिच्यासाठी जागा मात्र ठेवता येते. दोन रेघांमध्ये मोकळी कातडी सोडणे हे हातावरच्या फुलाचे पहिले व्याकरण आहे. नाण्याएवढ्या जागेत ३० पाकळ्यांचे फूल बसविले, तर पहिल्या वर्षी ते नाजूक दिसेल आणि दहाव्या-पंधराव्या वर्षी त्या जागी निळसर डाग उरेल.

या कसोटीवर आपल्या परिचयाची फुले पारखून पाहता येतील. कमळाच्या पाकळ्या मोजक्या, रुंद आणि टोकदार असतात. केवळ बाह्यरेषेवरूनही ते ओळखू येते, म्हणून लहान आकारातही ते टिकते. देवळाजवळ आढळणारा पांढरा चाफा मूळचा मध्य अमेरिकेकडचा, पण आता पूर्णपणे आपला झालेला. त्याच्या पाच पाकळ्या एकीवर एक किंचित चढलेल्या असतात व प्रत्येकीला एकच वळणदार रेघ पुरते. जास्वंदीचा बाहेर आलेला लांब तुरा हीच तिची ओळख असल्यामुळे पाकळ्यांच्या कडा पुढे विरल्या तरी फूल हरवत नाही. गुलाबाचे मर्म मध्यभागीच्या गुंडाळीत असते आणि नेमकी तीच जागा प्रथम भरून येते. म्हणून गुलाब हवा असेल तर तो मोठा घ्यावा किंवा अर्धवट उमललेला घ्यावा. मोगरा, शेवंती आणि झेंडू ही दाट पाकळ्यांची फुले सर्वांत अवघड. त्यांना तळहाताएवढी जागा देण्याची तयारी नसेल, तर मोगऱ्याची उमललेली फुले न काढता दोन-चार कळ्या काढणे शहाणपणाचे.

आकृतीइतकाच हाताचाही विचार हवा. कोपराखालचा हात वर रुंद व मनगटाकडे निमुळता असतो. देठ मनगटाशी आणि फूल कोपराकडे, अशी मांडणी या घडणीला साहजिकच जुळते. निशिगंधाचा दांडा, जाईची वेल किंवा तुळशीची मंजिरी या लांबट आकृती तेथे विशेष खुलतात. हात खाली सोडला असता असे फूल इतरांना देठापासून वर उमललेले दिसते. मात्र ज्याच्या हातावर ते आहे त्याने पाहण्यासाठी बोटे वर करून हात उचलला की, तेच फूल उलटे होते. तेव्हा फूल आपल्यासाठी की पाहणाऱ्यासाठी, हा प्रश्न आधीच सोडवावा लागतो. जुन्या गोंदणात हा पेच नव्हता. मध्यबिंदूभोवती सारख्या पाकळ्यांचे वाटोळे फूल कोणत्याही बाजूने सुलटेच असते. रांगोळीचे हे शहाणपण आजही उपयोगी पडण्याजोगे आहे.

दुसरी अडचण हाताच्या फिरण्याची. कोपर आणि मनगट यांच्या दरम्यान दोन हाडे असतात. तळवा पालथा केला म्हणजे अंगठ्याकडचे हाड दुसऱ्यावरून फिरते आणि त्याबरोबर वरची कातडीही पिळली जाते. हा पीळ मनगटाजवळ अधिक असतो. तळवा वर करून मेजावर ठेवलेल्या हातावर जी सरळ रेघ काढली, ती हात पालथा करताच तिरकी होते. म्हणून चित्राचा छाप उमटवताना माणसाने उभे राहून हात सहज खाली सोडावा आणि त्या अवस्थेत फूल नीट दिसते की नाही ते पाहावे. वळणदार देठ असलेल्या फुलाला हा पीळ शोभून जातो. अक्षरे, चौकटी आणि काटेकोर भूमितीच्या आकृती यांना तो सोसत नाही. मनगटावरच्या व कोपराच्या घड्यांवर रेघ लवकर पसरते, तेव्हा तेवढी जागा मोकळी सोडावी. हाताची आतली बाजू उन्हापासून बरीच सुरक्षित असते, तेथे रंग अधिक काळ तजेलदार राहतो. बाहेरची बाजू सतत उन्हात असते, तेथे जाड रेघेचेच काम.

आता रंगाविषयी. काजळी काळी असते, मग गोंदण हिरवट-निळे का दिसते, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. तमिळमध्ये तर गोंदणाला ‘पच्चै कुत्तु’ म्हणजे हिरवे टोचणे असेच नाव आहे. काळा कण कातडीच्या खाली गेला म्हणजे त्याच्यावरील थरातून निळा प्रकाश विखरून परत येतो आणि तांबडा खोल जाऊन शोषला जातो. आकाश निळे दिसण्याशी या घटनेचे नाते आहे. तात्पर्य हे की, रंग कातडीवर नसून कातडीखाली असतो आणि तो नेहमी कातडीतूनच पाहिला जातो. भारतीयांची त्वचा बहुधा गव्हाळ किंवा सावळी; ती रंगीत काचेप्रमाणे खालच्या रंगावर आपली छटा चढविते. त्यामुळे परदेशी चित्रातील फिकट गुलाबी, पिवळा व पांढरा हे रंग आपल्या हातावर तसे दिसत नाहीत; ते मळकट तरी होतात नाही तर नाहीसे तरी होतात. प्राजक्ताची पांढरी पाकळी पांढऱ्या रंगाने भरण्यात अर्थ नाही. ती नुसत्या बाह्यरेषेत ठेवावी, भोवती गडद पाने काढावी आणि पाकळीचा रंग म्हणून आपल्याच कातडीचा रंग वापरावा. सावळ्या हातावर काळी रेघ आणि मोकळी कातडी यांइतकी शोभा दुसऱ्या कशालाही येत नाही. शिवाय अंगावर चट्टे उठण्याच्या तक्रारी तांबड्या रंगाच्या बाबतीत अधिक आढळतात, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

रेघ आणि मोकळी जागा एवढ्यावर किती उभे राहू शकते, याचे उत्तम उदाहरण मिथिलेत सापडते. मधुबनीजवळच्या जितवारपूर गावातील दुसाध स्त्रियांनी १९७० नंतरच्या काळात हातावरच्या गोदन्याच्या आकृती कागदावर उतरविण्यास प्रारंभ केला. एकात एक वर्तुळे, त्यांच्या कडेने लहान फुलांच्या ओळी, अशी ही चित्रे ‘गोदना शैली’ म्हणून जगभर गेली. चानो देवी यांचे नाव या शैलीच्या आरंभाशी जोडलेले आहे. त्याच शैलीतील शांती देवी व शिवन पासवान या दांपत्याला २०२४ साली पद्मश्री हा सन्मान मिळाला. ज्या आकृती एके काळी खालच्या मानलेल्या जातींची खूण होत्या, त्या देशाची कला ठरल्या.

येथे एक विवेक पाळला पाहिजे. अशा परंपरेपासून रेघेची शिस्त शिकणे योग्यच. परंतु बैगा किंवा रबारी स्त्रीच्या अंगावरची आकृती जशीच्या तशी उचलणे वेगळे. ती तिची ओळख असते, तिच्यामागे जमातीची स्मृती असते. कमळ, चाफा, जास्वंद ही फुले सर्वांची आहेत. जमातीच्या खुणा तशा नाहीत.

हात हा माणसाच्या उपजीविकेचाही भाग असल्याने सरकारी नियमांची माहिती हवी. भारतीय सेनेच्या भरतीत कोपराच्या आतील बाजूपासून मनगटापर्यंतचे आणि तळहाताच्या मागील बाजूचे गोंदण चालते. शरीरावर इतरत्र ते चालत नाही, मात्र रूढीने गोंदवून घेणाऱ्या आदिवासी जमातींना सवलत असते. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या नियमांत हात डावा, म्हणजे सलामी न देणारा, असावा आणि आकृती त्या भागाच्या एक-चतुर्थांशाहून लहान असावी, अशी अट आढळते. नोकरीची इच्छा असणाऱ्याने त्या त्या जाहिरातीतील नियम आधी वाचून मगच जागा ठरवावी. रक्तदात्यांनीही जाणून असावे की, गोंदवून घेतल्यावर १२ महिने रक्त घेतले जात नाही.

यामागचे कारण गंभीर आहे. एकाच सुईने अनेकांना गोंदले गेले तर कावीळ ‘ब’ व ‘क’ आणि एचआयव्ही यांचे विषाणू एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जाऊ शकतात. जत्रेतील गर्दीत हा धोका विशेष. सुई डोळ्यांदेखत नव्या पाकिटातून काढली जावी, रंग वेगळ्या लहान वाटीत घेऊन उरलेला फेकून दिला जावा आणि गोंदणाऱ्याच्या हातांत नवे मोजे असावेत, एवढा आग्रह धरण्यात संकोच नसावा. ज्यांच्या अंगावर जखमेचे वण फुगून वर येतात, त्यांनी त्वचारोगतज्ज्ञाला विचारल्यावाचून हे करू नये. ‘नको वाटले तर काढून टाकू’ हा विचार तर फसवाच आहे. लेसर किरणांनी गोंदण फिके होते, पण त्यासाठी महिनोन्‌महिने अनेक खेपा घालाव्या लागतात. काळा रंग त्यातल्या त्यात लवकर जातो, पिवळा व हिरवा हट्टाने राहतो आणि सावळ्या कातडीवर पांढरट किंवा काळपट डाग उरण्याची भीती असते.

म्हणून अंतिम निर्णयापूर्वी एक सोपी परीक्षा सुचविता येते. ठरविलेले फूल, ठरविलेल्या आकारात व जागी, साध्या मेंदीने हातावर काढून घ्यावे. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणारा पदार्थ वापरू नये. त्यातील रसायनाने कातडी पोळू शकते. मेंदी रंगेल आणि उतरेल तोवर ते फूल हातावर वागवावे; कचेरीत, स्वयंपाकघरात, लग्नसमारंभात आणि आरशासमोर त्याच्याकडे पाहावे. ते उतरल्यावर हात सुना वाटला, तर ते फूल खरोखर आपले आहे. सुटल्यासारखे वाटले, तर तीन आठवड्यांत जन्माचा पश्चात्ताप टळला. परीक्षेनंतरही ते हवेसे वाटले, तर वर्षभर थांबून पुन्हा विचार करण्यात नुकसान काहीच नाही. कातडी कोठे जात नाही.

आजीच्या हातावरचे फूल टिकाऊ होते, परंतु ते तिने निवडलेले नव्हते. नातीला निवडीचा हक्क मिळाला आहे. पण टिकाऊ काय, हे सांगणारी गोंदणारीण आता दारी येत नाही. ते ज्ञान तिने स्वतःच मिळवावयाचे आहे. थोड्या रेघा, पुरेशी मोकळी जागा, हाताला साजेसे वळण आणि सावकाश घेतलेला निर्णय एवढी पथ्ये पाळली, तर कोणाच्या सक्तीवाचून हातावर उमटलेले फूल म्हातारपणीही फुलासारखेच दिसेल.